निळ्या काठाचा मग

मला टीबी झाला होता. आता हे वाक्य मी सरळ लिहू शकते. पण ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून सहा दिवस मी ते कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आजाराच्या दीड वर्षापेक्षा त्या सहा दिवसांची मला जास्त लाज वाटते.

हे लिहायला मला आमच्या बुधवारच्या घरसभेनं बसवलं. "बाई, तुमच्या हातात खडू आहे, तुम्हीच लिहा," म्हणाले. औषधांच्या मात्रा मी लिहिणार नाही, ते डॉक्टरांचं काम. खाटेवर पडल्यापडल्या काय काय दिसलं, तेवढंच सांगते.

आधी माझ्या तोंडाविषयी

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीला शिकवते. माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, ख्रिस्ती झालेली आमची तिसरी पिढी. आमचे हे, शमुवेल, गिरणीत फिटर. परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली, आणि आमची रूथ तेव्हा चार वर्षांची. चाळीत ख्रिस्ती घरं पाचच, बाकी सगळी कोकणातली माणसं.

रविवारी चर्चला जायचं, आणि बुधवारी संध्याकाळी राहेलबाईंच्या खोलीत चौदा-पंधरा जणांनी चटईवर बसायचं, ही आमची घरसभा. एक गायन व्हायचं, एकानं शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, वाचायचं, मग ज्याचं जे दुखतंय ते त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. महिन्यातून एका बुधवारी पाळकबाबा यायचे आणि प्रभुभोजन व्हायचं. भाकरीचा एकेक तुकडा, आणि सगळ्यांत मिळून एकच प्याला, हातोहात फिरणारा. मुंबईत दारूबंदी, त्यामुळे आमचा द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यानं गाळलेलं पाणी. ते काम राहेलबाईंचं.

राहेलबाई आमच्यापासून तीन खोल्या पलीकडे राहायच्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, विधवा. गिरणीनं बायका कमी केल्या त्यात त्यांचीही नोकरी गेली होती. चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गाला जाऊन त्या वाचायला शिकल्या. ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचायच्या. एका बुधवारी त्यांनी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर शास्त्र वाचायला घेतलं. पहिल्या वाक्यात मी त्यांना एकदा टोकलं, दुसऱ्या वाक्यात दोनदा. तिसऱ्या वाक्याला त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि म्हटलं, "द्या इकडे राहेलबाई, अशानं मंडळींना जेवायला उशीर होईल."

दोघं-तिघं हसले. राहेलबाईही हसल्या. त्यानंतर सहा महिने त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. मास्तरणीची खोड, दुसरं काय!

फोटो

पावसाळ्यापासून खोकला होता. खडूनं होतो, फोडणीनं होतो, असं मी स्वतःलाच समजावत होते. दिवाळीनंतर एका शुक्रवारी तिसरीच्या मुलांना पाढे म्हणायला लावले आणि रुमाल तोंडाला लावला, तर रुमालावर लाल ठिपका. मी रुमाल मुठीत दाबला आणि पाढे पुरे होईपर्यंत उभी राहिले.

तशीच इस्पितळात गेले. छातीचा फोटो काढला, कफ तपासायला घेतला. दुसऱ्या शुक्रवारी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी फोटो खिडकीसमोर धरला आणि विचारलं, "काय करता बाई?"

"शिक्षिका आहे."

"मग आता दीड वर्ष विद्यार्थी व्हा. चार महिने रोज सुई, पुढे दिवसाआड, आणि दीड वर्ष गोळ्या-पुड्या. एकही दिवस चुकवायचा नाही. मधेच सोडलंत तर औषध निकामी होतं, आणि मग माझ्या कपाटात दुसरं काही नाही. घरी लहान मूल आहे?"

"आहे."

"तिला जवळ घ्यायचं नाही. मी सांगेपर्यंत."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मरणाची भीती नंतर आली. पहिली भीती ही, की घरी गेल्याबरोबर रुथी पळत येऊन कमरेला मिठी मारणार आणि मी तिला ढकलणार.

मी तिला ढकललं. "अंग दुखतंय," म्हटलं. त्या दिवसापासून भिंतीला तोंड करून निजले. शाळेत रजेचा अर्ज टाकला, कारण लिहिलं मलेरिया. वाटायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. टीबी म्हटलं की चाळीत नळावर आपली बादली बाजूला सरकवतात, हे मी पाहिलेलं होतं. खरं सांगायचं तर दुसऱ्याची बादली मीही सरकवलेली होती.

प्याला

पुढचा बुधवार नेमका प्रभुभोजनाचा. घरसभेला गेले नसते तर पाच जणी चौकशीला आल्या असत्या, म्हणून गेले आणि दाराशी बसले. भाकरी झाली. प्याला फिरत फिरत माझ्याकडे आला. मी तो हातात घेतला आणि ओठांना न लावताच पुढच्याला दिला.

खोली एकदम गप्प झाली.

ह्याचं कारण बाहेरच्याला कळणार नाही. आमच्या घरसभेचा रिवाज असा, की मनात कुणाविषयी अढी असेल तर प्याला प्यायचा नाही, तसाच पुढे द्यायचा. आणि ज्याच्यामुळे ती अढी असेल त्यानं दुसऱ्या दिवशी आपणहून त्या घरी जाऊन विचारायचं, "माझं काय चुकलं?" माझ्या डोक्यात टीबीपलीकडे काही नव्हतं. मला वाटलं, मी ह्या सगळ्यांना वाचवते आहे. आणि त्या चौदाजणांना वाटलं, मास्तरीणबाईंचं कुणाशी तरी बिनसलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. राहेलबाई. हातात वाटीभर शेंगदाण्याची चटणी, नगरची.

"आत येऊ का बाई?"

"तिथूनच बोला," मी म्हणाले. कसं ऐकू आलं असेल ते!

त्या उंबऱ्याबाहेरच बसल्या. म्हणाल्या, "मी रातभर विचार केला. तुमचं कुणाशी वाकडं असायचं तर माझ्याशीच. त्या दिवशी मला वाचता आलं नाही, मी सगळ्यांचा वेळ खाल्ला. नंतर मनात मी तुम्हाला लई शिव्या दिल्या. वरून हसले, आतून शिव्या. त्यानंच तुमचं मन दुखलं असणार. मला माफ करा."

बघा आता. पुस्तक हिसकावलं मी, आणि माफी मागत होत्या त्या! मला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता रुमाल हातातून पडला. राहेलबाईंनी तो पाहिला.

मग म्हणाल्या, "अगं सुशे. प्याला ह्यापायी सोडलास होय?"

तोवर मला त्या कायम "मास्तरीणबाई" आणि "तुम्ही" म्हणत आल्या होत्या. मी हो म्हटलं आणि रडायला लागले, सहा दिवसांचं सगळं.

"पोर कुठंय?"

"खेळतेय गॅलरीत."

"आजपासून ती माझ्याकडं. तिचे कपडे दाराशी ठेव. आणि शमुवेल आला की त्याला सांग, नाहीतर मी सांगते. आणि पुढच्या बुधवारी सगळ्यांना सांगायचं."

"सगळ्यांना?"

"ज्याचं जे दुखतंय ते त्यानं सांगायचं, असंच ठरलंय ना? का ते फक्त आमच्यासारख्यांनी?"

मी उठले आणि रुथीचे कपडे दाराशी ठेवले.

इस्पितळाचे तीन आठवडे

पहिले तीन आठवडे मी वॉर्डात होते. पहाटे थर्मामीटर, मग दूध, मग सुई, मग अंडं, आणि साडेनऊला डॉक्टरांची फेरी. प्रत्येकीच्या खाटेखाली झाकणाचा डबा, त्यात फिनेल. दुपारी एक ते तीन कुणी बोलायचं नाही. शाळेत हा नियम मी दुसऱ्यांना लावत आले होते, आता मला लागला. शेजारच्या खाटेवर करी रोडची एक बाई होती. ती मला म्हणाली, "नव्या दिसता. भिंतीकडे बघू नका, दाराकडे बघा. दारातून पेज येते." ती बाई तिसऱ्या आठवड्यात गेली. सकाळी उठले तर तिची गादी उन्हात टाकलेली होती. त्या दिवशी मी दूध प्यायले नाही. दुसऱ्या दिवशी तिचंच वाक्य आठवलं आणि दोन पेले प्यायले. जगायचं, असं मी त्या सकाळी ठरवलं. ठरवून जगावं लागतं, हे ज्याला हा आजार झालाय त्याला कळेल.

खिडकी

घरी आल्यावर खोलीत मी एकटी. हे गॅलरीत निजायचे. ह्यांच्याविषयीही खरंच लिहिते, ते वाचणार आहेत तरी. स्वयंपाक करायचे, डबा उकळत्या पाण्यानं धुवायचे, पण माझ्या खाटेवर बसले नाहीत कधी. चहा दाराशी उभं राहून प्यायचे. सासूबाईंचं नगरहून पत्र आलं, तिला माहेरी पाठव म्हणून. ते पत्र ह्यांच्या खिशात दोन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी ते चुलीत गेलं, पण ते दोन दिवस मी मोजले होते.

माझं ताट-वाटी वेगळं, आणि एक इनॅमलचा मग, निळ्या काठाचा, एका बाजूला टवका उडालेला. पाणी, दूध, चहा, सगळं त्यातच. रोज तो उकळून उन्हात पालथा घातला जायचा. चाळीत सगळे ओळखायचे, हा मास्तरणीचा मग. त्याला कुणी शिवायचं नाही.

इस्पितळात जायच्या आधीच्या बुधवारी घरसभेत मी सगळं सांगितलं होतं, दारात उभं राहून. कुणी उठून गेलं नाही. एका गृहस्थांनी पुढच्या बुधवारपासून येणं बंद केलं, ते जाऊ दे. बाकीच्यांनी प्रार्थना केली आणि लगेच कामं वाटून घेतली. ह्या माणसांचं मला तेच आवडतं, आमेन म्हटल्यावर हात चालू होतात. अंडी कोण आणणार, कपडे कोण उकळणार. आणि आमच्यातली लीला सिस्टर, भायखळ्याला नर्सिंग करायची, ती म्हणाली, "सुई माझी. रोज ड्यूटी सुटली की येईन." समोरच्या मालवणी काकींचा आमच्या प्रार्थनेशी काही संबंध नव्हता, पण त्याही उकड्या तांदळाची पेज खिडकीत ठेवायच्या आणि ओरडायच्या, "खा गो! पोटात पेज नाय तर अंगात ताकद खंयसून येतली?"

आणि राहेलबाई रोज दुपारी चारला गॅलरीत, माझ्या खिडकीबाहेर स्टूल टाकून बसायच्या. मांडीवर शास्त्र, ओळीखाली बोट. डॉक्टरांनी मला बोलायची मनाई केली होती. घसा आणि फुप्फुस दोन्हीला विश्रांती. त्यामुळे राहेलबाई वाचायच्या, चुकायच्या, आणि मी गप्प! पहिला आठवडा तर औषधापेक्षा तेच जास्त कडू लागलं. जोडाक्षर आलं की त्या थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या. मी छताकडे बघायचे. मग त्या मागे जायच्या, पुन्हा जोडायच्या, आणि शेवटी तो शब्द बरोबर यायचा. दर वेळी यायचा. सहा महिन्यांपूर्वी मी फक्त थांबायला हवं होतं.

रुथी त्यांच्या पदराला धरून उभी असायची. एका दुपारी ती म्हणाली, "राहेलआई, भूक लागली." मी तोंड भिंतीकडे वळवलं. राहेलबाईंनी ते पाहिलं असणार. दुसऱ्या दिवशी खिडकीत येऊन त्यांनी रुथीला विचारलं, "ही कोण गं?"

"आई."

"आणि मी?"

"राहेलआई."

"बघ सुशे, मी नाव लावून आहे. बिननावाची आई एकच."

अकरा ओळी

जानेवारीत मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, मोर्चे, मग गोळीबार. आमची चाळ रिकामी व्हायची, सगळे रस्त्यावर. हेही जायचे. मला घोषणा ऐकू यायच्या आणि अश्रुधुराचा वास खिडकीतून आला की खोकून जीव जायचा.

लीला सिस्टरनं हे आधीच ओळखलं होतं. डिसेंबरातच तिनं राहेलबाईंना सुई द्यायला शिकवलं होतं, मोसंब्यात पाणी टोचून टोचून. आणि कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत अकरा ओळी लिहून दिल्या होत्या. पिचकारी उकळण्यापासून शेवटपर्यंत.

गोळीबार झाला त्या दिवशी लीला आली नाही. कशी येणार! बस बंद, रस्त्यावर दगड आणि पोलीस. हे तिला आणायला निघाले, लालबागच्या नाक्यावरून पोलिसांनी दंडा दाखवून परत पाठवलं. साडेपाच वाजले, सहा वाजले. डॉक्टरांचं कपाट माझ्या डोळ्यांसमोर आलं, उघडं आणि रिकामं.

राहेलबाई स्टोव्ह घेऊन आल्या. कॅलेंडरचा कागद भिंतीला लावला. एक ओळ वाचायची, तेवढंच करायचं, मग दुसरी ओळ. वाचून वाचून आठ ओळी झाल्या. नववीला सुई टोचली. मी दात आवळले आणि ओरडले, "ढकला आता! झालं!"

"थांब."

"अहो राहेलबाई, सुई आत आहे! ढकला!"

"अजून दोन ओळी राहिल्यात. शमुवेल, बोट ठेव दहाव्या ओळीवर. माझे हात मोकळे नाहीत."

ह्यांनी भिंतीवर बोट ठेवलं. आणि बाहेर पळापळ चाललेली असताना, माझ्या कमरेत सुई असताना, राहेलबाईंनी वाचलं, "द-ट्ट्या. दट्ट्या ज-रा. मा-गे. ओ-ढून. ब-घावा. रक्त. आ-लं. तर. सुई का-ढून. दु-सरी-कडे. टो-चावी."

दट्ट्या मागे ओढला. रक्त आलं.

त्यांनी सुई काढली, पुन्हा पहिल्यापासून जागा बघितली, पुन्हा टोचली, पुन्हा दहावी ओळ वाचली. ह्या वेळी रक्त आलं नाही. मग अकरावी, हळूहळू ढकलावी. हळूहळू ढकललं.

मी असते तर नऊ ओळींनंतर ढकलून मोकळी झाले असते. मला सगळं येतं ना! हे मी त्यांना तिथल्या तिथे, बोलायची मनाई असताना बोलले. म्हटलं, "राहेलबाई, मी तुमच्या हातातून पुस्तक घेतलं, ते माझं चुकलं. सगळ्यांसमोर केलं म्हणून सगळ्यांसमोर सांगेन." त्या म्हणाल्या, "सांगशील. आधी जग."

ह्यांचं बोट अजून भिंतीवरच होतं. मग ते माझ्या खाटेवर येऊन बसले. आजार झाल्यापासून पहिल्यांदा. हात धरला आणि म्हणाले, "मी भ्यालो होतो गं." मी म्हटलं, "मला काय माहीत नव्हतं?"

पुढे चार दिवस लीला येऊ शकली नाही. चार सुया राहेलबाईंनी दिल्या, प्रत्येक वेळी अकरा ओळी वाचून. पाठ झाल्या होत्या तरी वाचून.

पुड्या

सगळं असं गोड चाललं असं समजू नका. उन्हाळ्यात त्या पुड्यांनी मी हैराण झाले. तोंडात टाकली की पोट ढवळून वर यायचं. एक आठवडा मी पुड्या मोरीत ओतल्या. वजन वाढतंय, खोकला गेलाय, मग कशाला, असा शहाणपणा. शेवटी मनच खायला लागलं आणि बुधवारी घरसभेला चिठ्ठी पाठवली, "मी पुड्या फेकते आहे. माझ्यानं होत नाही." पूर्वीची मी मेले असते पण अशी चिठ्ठी लिहिली नसती.

दुसऱ्या दिवसापासून पुडीच्या वेळेला रोज कुणीतरी एक जण खिडकीत. बोलायचं नाही, उपदेश नाही. पुडी गिळून होईपर्यंत उभं राहायचं आणि जायचं. एकदा रुथीची पाळी लागली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "संपव गं आई. मला तुझ्याजवळ निजायचंय." त्यानंतर एक पुडी मोरीत गेली नाही.

मग

दीड वर्ष पुरं झालं. कफ तीनदा तपासला, तिन्ही वेळा स्वच्छ. म्हाताऱ्या डॉक्टरांनी नवा फोटो खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "पास. पोरीला घ्या जवळ." रुथी जिन्याखाली उभी होती. सहा वर्षांची झाली होती, जड झाली होती, तरी मी तिला उचलून दुसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. धाप लागली, लागू दे.

पुढचा बुधवार प्रभुभोजनाचा. मी दाराशी सर्वांत शेवटी बसले. मनाशी ठरवलं होतं की प्याला शेवटी माझ्याकडे येईल, माझ्यानंतर कुणाला प्यायला नको. मग मी उभी राहून पुस्तकाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, माफी मागितली. राहेलबाईंनी मान डोलावली आणि शास्त्र वाचायला घेतलं. बोट ठेवूनच. एका शब्दाला अडल्या. पंधरा माणसं गप्प बसून राहिली, मीही, आणि तो शब्द आला.

भाकरी झाली. राहेलबाई म्हणाल्या, "रुथे, जा, आईचा मग घेऊन ये."

म्हणजे अजूनही वेगळाच! डॉक्टर पास म्हणाले तरी माणसं म्हणत नाहीत. रुथी मग घेऊन आली. निळा काठ, उडालेला टवका. मला उठून जावंसं वाटलं. राहेलबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, पाळकबाबांसमोर ठेवला, आणि मनुकांचं सगळं पाणी, पंधरा जणांचं, त्या मगात ओतलं. नेहमीचा प्याला त्यांनी बाहेर काढलाच नव्हता. पाळकबाबांना आधीच विचारून ठेवलं होतं बयेनं.

पाळकबाबांनी आशीर्वाद मागितला आणि तो मग माझ्याकडे दिला. "आधी तुम्ही, बाई."

मी प्यायले. माझ्या हातातून तो राहेलबाईंनी घेतला आणि टवक्याच्या बाजूनं, जिथं दीड वर्ष माझे ओठ लागले तिथूनच, प्यायल्या. मग आमचे हे, मग लीला, मग सगळे. एकानंही काठ पुसला नाही.

तो मग मला परत मिळालेला नाही. आता दर महिन्याला घरसभेत तोच फिरतो. ज्यांना खोकला आहे, ताप आहे, भीती आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की लपवू नका. मी सहा दिवस लपवलं, त्यात माझी पोर माझ्याजवळ श्वास घेत होती. तिला काही झालं नाही, ही देवाची दया, माझी हुशारी नव्हे.

घरसभेत एक नवी सून यायला लागली आहे. गेल्या महिन्यात तिनं मग हातात घेतला आणि न पिता पुढे दिला. सभा संपल्यावर ती मान खाली घालून निघून गेली. राहेलबाई उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

मी म्हटलं, "बसा तुम्ही. ह्या वेळी मी जाते."